घरच्या सुईचा आहेर

'घरचा आहेर' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत बहुधा उपरोधाने येतो. आपल्याच माणसाने चारचौघांत आपले वाभाडे काढले, की 'मिळाला घरचा आहेर' असे आपण म्हणतो. आज आम्हांस मात्र या शब्दांचा सरळ अर्थ घेऊन वाचकांशी चार गोष्टी बोलावयाच्या आहेत. घरातल्या जुन्या कापडाचा, घरातल्या सुईने शिवलेला आणि घरातल्याच माणसाला दिलेला आहेर, म्हणजे गोधडी, दुपटे, कुंची, आसन आणि याच कुळातल्या लहानमोठ्या वस्तू, हा आमचा आजचा विषय आहे.

भाषेच्या शिक्षकाने सुईदोऱ्याविषयी लिहावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु गोधडीच्या उबेइतकाच तिच्या भोवतीच्या शब्दांचाही आम्हांस मोह आहे. धावदोरा, दंड, मगजी, ठिगळ, अंगुस्तान हे शब्द आज आमच्या वर्गातील दहापैकी नऊ मुलांना समजावून सांगावे लागतात. वस्तू घरातून गेली की तिच्या पाठोपाठ तिचे शब्द जातात, आणि शब्द गेले की ती वस्तू करण्याची रीतही कोणी कोणास सांगू शकत नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपणांस हे अधिक जाणवते. कारण आपली मराठी शाळेच्या आणि कचेरीच्या आधारावर जगलेली नाही, ती बहुतेक घरातल्या कामांच्या आधारावर जगली आहे.

एका वस्तूची अनेक नावे

आमच्या बेळगाव भागात जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून शिवलेल्या पांघरुणाला वाकळ म्हणतात. शेजारचा कानडी माणूस त्यालाच कौदी म्हणतो, आणि बाजारात दोन्ही शब्द सारख्याच सहजतेने चालतात. वाकळ हा शब्द संस्कृत वल्कलापासून आला असे मानतात. बडोद्याकडील वाचक आपल्या शेजाऱ्यांकडून गोदडी हे नाव ऐकतील, माळव्यातील गुदडी, ग्वाल्हेर-बुंदेलखंडाकडील कथरी, तर हैदराबादकडील तेलुगू घरातून बोंत. कथरी आणि बंगाली काँथा यांच्या मुळाशी संस्कृत कंथा हा शब्द आहे. कंथा म्हणजे चिंध्या जोडून केलेले वस्त्र. नाथपंथी जोग्यांच्या वेषात तिला मानाचे स्थान होते. आपल्या अगदी जवळच्या काळात श्री गाडगे महाराज (१८७६–१९५६) चिंध्यांचे वस्त्र अंगावर घेऊन गावोगाव फिरले, आणि लोक त्यांना गोधडेबुवा असेही म्हणू लागले.

थोडक्यात, ज्या ज्या प्रांतात आपण स्थायिक झालो, तेथे ही वस्तू आपल्या आधीपासून होती. आपण ती बरोबर आणली आणि तेथेही ती आपणांस भेटली.

आहेराची जुनी चाल

जाडजूड पांघरूण शिवणे ही गरिबीची गरज होती, हे खरेच आहे. पण गरज आणि भेट यांची सांगड आपल्या घरांनी फार पूर्वीच घातली होती. बाळंतविडा हे त्याचे उत्तम उदाहरण. मुलीच्या पहिल्या बाळासाठी माहेरहून जे गाठोडे येई त्यात झबली, टोपडी, लंगोट यांच्याबरोबर कुंची आणि दुपटी असत. ती दुपटी आजीच्या वा मावशीच्या हातची. आतले कापड नवे नसे. पुष्कळदा धुऊन मऊ झालेले धोतर किंवा लुगडे त्यासाठी राखून ठेवलेले असे. नव्या कापडातील खळ आणि त्याचा खरखरीतपणा तान्ह्या अंगाला सोसत नाही, हे आजीला कोणी शिकविलेले नव्हते.

ही चाल आपल्यापुरतीच आहे असे नाही. कलकत्त्याजवळ जोका येथे गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी जमविलेल्या लोककलेच्या वस्तूंचा संग्रह आहे. त्यातील एक एकोणिसाव्या शतकातील काँथा विशेष प्रसिद्ध आहे. ती मानदासुंदरी नावाच्या एका स्त्रीने आपल्या वडिलांसाठी स्वतःच्या हाताने केली, आणि हे तिने त्या काँथेवरच दोऱ्याने लिहून ठेवले आहे. त्या काळातील किती लेकींची नावे अशी आपल्यापर्यंत पोहोचली असतील? मानदासुंदरीचे पोहोचले, कारण तिने वडिलांना दिलेल्या भेटीवर ते शिवून ठेवले.

आणखी एक उदाहरण तर आमच्या उंबरठ्याशी आहे. खानापूर ओलांडून उत्तर कन्नड जिल्ह्यात गेले, की हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी लोकांची वस्ती लागते. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बोलण्यात कोकणी आणि मराठीचा अंश आहे. त्यांच्या स्त्रिया ज्या वाकळा शिवतात त्यांना त्या कवंद म्हणतात. शिवण कोपऱ्यापासून सुरू होते आणि कडेकडेने फिरत मध्यावर येऊन थांबते. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या बसवितात. त्यांना त्या 'फुला' म्हणतात. कोपऱ्यांवर फुले नसतील तर कवंद पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री ड्रेवल यांनी या कवंदांचा अभ्यास केला आणि त्यांची प्रदर्शनेही झाली. या कवंदा मुळात घरातल्या मुलांनातवंडांसाठी शिवलेल्या असत, ही गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते.

एका लुगड्याचे चार वाटे

आमच्या परिचयातील एका घरातली हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. आई गेली. चार भावंडे चार गावी. एक येथेच, एक पुण्यास, एक बडोद्यास, एक बंगळूरला. दागिने आणि भांडी यांची वाटणी रीतीप्रमाणे झाली आणि रीतीप्रमाणेच थोडी मने दुखावली. शेवटी उरले आईचे नेहमीच्या वापरातले एक इरकली लुगडे. ते कोणाकडे जावे, यावर कोणीच काही बोलेना. मागण्यासारखी त्याची किंमत नव्हती आणि सोडण्यासारखेही ते नव्हते.

थोरल्या बहिणीने ते आपल्याकडे घेतले, तेव्हा धाकट्यांच्या मनात काय आले असेल याची कल्पना करता येते. वर्षभराने तिने चौघांना बोलावून चार गोधड्या पुढे ठेवल्या. नऊवारी लुगड्याची लांबी सव्वाआठ मीटरांच्या आसपास असते; त्याचे चार समान तुकडे केले तर प्रत्येक तुकडा दोन मीटरांचा होतो, म्हणजे एका माणसाच्या पांघरुणाला पुरेसा लांब. रुंदी कमी पडते म्हणून तिने प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही अंगांना त्या त्या भावंडाच्या घरून मागविलेले कापड जोडले होते. कोणाच्या मुलाचा शाळेचा सदरा, कोणाच्या घरचा जुना पडदा. लुगड्याचा लाल रेशमी पदर मात्र एकच; त्याच्या चार पट्ट्या करून तिने प्रत्येक गोधडीच्या उशाकडील कडेला एकेक लावली होती.

वाटणीत जे बिघडले होते ते सारे त्या दिवशी सुधारले, असे आम्ही म्हणणार नाही. माणसांची मने टाक्यांनी सांधत नाहीत. पण आईची एक वस्तू अशी निघाली, की जिचा वाटा कोणाला कमी मिळाला नाही आणि जी घरी नेताना कोणाला संकोच वाटला नाही. त्या चारही गोधड्या आज वापरात आहेत.

कापड, थर आणि टाके

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली गोष्ट कापडाची. आतल्या थरांसाठी जुने, सुती, पुष्कळदा धुतलेले कापड उत्तम: धोतरे, लुगडी, चादरी, लेंगे. सुती कापड घाम टिपते. पॉलिएस्टरच्या साड्या टिकतात खऱ्या, पण घाम टिपत नाहीत, सुईखाली निसटतात आणि सुती थरांबरोबर आटत नाहीत. त्यामुळे पहिल्या धुण्यानंतर गोधडी आकसल्यासारखी दिसू लागते. नवे सुती कापड वापरावयाचेच असेल तर ते आधी भिजवून, वाळवून घ्यावे. ज्या कापडाचा रंग जाईल अशी शंका असेल, त्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा. आपल्या घरांत महेश्वरी आणि चंदेरी साड्या असतात. त्यांचा तलमपणा वरच्या थराला शोभतो, पण त्याखाली दणकट सुती थर हवेत.

दुसरी गोष्ट थरांची. कापड इस्त्री करून जमिनीवर अंथरावे, कोपऱ्यांवर वजने ठेवावीत आणि एकावर एक चार ते पाच थर सुरकुती न पडू देता पसरावेत. लांबी वा रुंदी कमी पडल्यास दोन तुकडे जोडून घ्यावेत. या जोडणीलाच आपल्याकडे दंड घालणे म्हणतात. मग सर्व थर मध्यापासून कडेपर्यंत हातभर लांबीच्या कच्च्या टाक्यांनी धरून ठेवावेत. घाईने ही पायरी गाळणाऱ्यांच्या गोधडीत पुढे गोळे होतात. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते आणि टाके ते थर जागच्या जागी ठेवतात. गोधडीचे सारे शास्त्र एवढेच आहे.

तिसरी गोष्ट टाक्यांची. जाड सुई, सुती दोरा आणि मधल्या बोटात अंगुस्तान. दोरा हातापेक्षा लांब घेऊ नये, गुंततो. कडेपासून सुरुवात करून समांतर ओळींत धावदोरा घालीत मध्याकडे यावे. दोऱ्याची गाठ दोन थरांच्या मध्ये दडवावी, म्हणजे ती अंगाला टोचत नाही. अखेरीस चारी कडांना मगजी लावावी. कारण गोधडी सर्वांत आधी कडेला झिजते.

येथे थोडे गणित मांडण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. दीड मीटर रुंद आणि दोन मीटर दहा सेंटिमीटर लांब अशी गोधडी घेतली, आणि ओळींमध्ये दोन सेंटिमीटर अंतर ठेवले, तर शिवणीची एकूण लांबी सुमारे १५७ मीटर होते. सेंटिमीटरला एक टाका धरला तर टाके १५,७०० च्या घरात जातात. मिनिटाला दहा टाके पडले तरी केवळ टाक्यांसाठी २६ तास लागतात; कापणे, जोडणे, मगजी हे वेगळेच. ही आकडेवारी दोन कारणांसाठी ध्यानात ठेवावी. पहिले, ज्यांनी कधी शिवले नाही त्यांनी एकदम मोठ्या गोधडीला हात घालू नये. पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर लांब दुपट्याला याच हिशेबाने सहा-सव्वासहा तास पुरतात; रोज अर्धा तास दिला तर पंधरवड्यात ते पुरे होते. दुसरे, जर आपण एखाद्या बाईकडून गोधडी शिवून घेणार असू, तर मजुरी ठरविताना हे २६ तास डोळ्यांसमोर आणावेत. त्यानंतर घासाघीस करण्याचे धैर्य बहुधा होणार नाही.

कोणासाठी काय शिवावे

आजोबांसाठी मांडीवर घ्यावयाची हलकी गोधडी, तीन थरांची, सव्वा मीटर लांब. खुर्चीवर बसून वाचताना गुडघे उबदार राहतात, आणि ती जमिनीवर लोळत नसल्याने पाय अडकून पडण्याचे भय राहत नाही. आजीसाठी पूजेचे वा जपाचे आसन; येथे थर अधिक आणि टाके दाट असावेत. वसतिगृहात राहणाऱ्या मुलासाठी गडद रंगाची, धुण्यास सोपी, घडी लहान होणारी गोधडी. नव्या संसारासाठी पोळ्यांच्या डब्यात घालावयाचे गोल शिवलेले रुमाल आणि गरम भांडी धरण्याचे जाड फडके. हे मात्र निव्वळ सुतीच असावे, कारण पॉलिएस्टर उष्णतेने वितळते व हाताला चिकटते. उरलेल्या तुकड्यांचा बटवा वा चंची करता येते.

तान्ह्या बाळाच्या दुपट्याविषयी एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. एक वर्षाच्या आतील बाळ झोपले असताना त्याच्या अंगावर वा भोवती सैल पांघरुणे, गोधड्या, उशा ठेवू नयेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. तोंडावर कापड आल्यास श्वास कोंडण्याचा धोका असतो. तेव्हा दुपट्याचा उपयोग मांडीवर घेताना, तेल लावताना, जागे असताना जमिनीवर खेळविताना करावा. त्यावर मणी, आरसे, गुंड्या लावू नयेत. आणि काम संपल्यावर सुया मोजाव्यात. जितक्या घेतल्या तितक्या डबीत परत आल्या पाहिजेत.

दोन विनंत्या

पहिली विनंती अशी, की कोणाचेही कापड न विचारता कापू नये. गेलेल्या माणसाची वस्त्रे वापरणे काही घरांत अशुभ मानतात, काही घरांत ती आशीर्वाद मानतात. दोन्ही भावनांना मान आहे. लग्नातला शालू कपाटात पडून असला तरी तो कोणाचा तरी आहे. ज्याचा आहे त्याचा होकार आला, की मगच कात्री उचलावी. हा होकार मागताना ज्या गोष्टी निघतात, हे लुगडे कोठे घेतले, हा सदरा कोणत्या वर्षाचा, त्या आमच्या मते निम्मा आहेर आहेत.

दुसरी विनंती घरातल्या पुरुषांना आणि मुलग्यांना. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याला हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची कल्पना देशापुढे मांडली. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शालेय शिक्षणात कार्यानुभवाचा आग्रह धरला. या दोन्ही विचारांत मुलगा आणि मुलगी असा भेद नव्हता. तो आपण केला. आम्ही कार्यानुभवाच्या तासाला दोघांच्याही हाती सुई दिली आहे, आणि पहिल्या आठवड्यात दोघांचेही टाके सारखेच वाकडे पडतात असा आमचा अनुभव आहे. १५,७०० टाके एकट्या आजीने घालावेत आणि बाकीच्यांनी पांघरावेत, ही रीत आता पुरे झाली. कापणे, कच्चे टाके घालणे, कडा धरणे, सुईत दोरा ओवून देणे ही कामे घरातल्या प्रत्येकाला येण्याजोगी आहेत. ज्या आजीला ही कला येते तिचे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. तिच्या शेजारी बसून ओवलेली सुई देत राहणारा नातू वर्षभरात ओळ कशी धरावी हे आपोआप शिकेल. धावदोरा, मगजी, अंगुस्तान हे शब्दही त्याच्या कानावर पडतील, आणि ते कोशातून शिकवावे लागणार नाहीत.

अखेरची सूचना अगदी लहान आहे. गोधडी पुरी झाली, की मागच्या बाजूस एका कोपऱ्यात चार ओळी दोऱ्याने उमटवाव्यात: कोणी शिवली, कोणासाठी, कोणते साल, आणि आतले कापड कोणाचे. अक्षरे देवनागरी असावीत. आपली नातवंडे कोणी कानडी, कोणी हिंदी, कोणी गुजराती, कोणी इंग्रजी माध्यमातून शिकत आहेत. काहींना मराठी वाचावयाची सवय उरलेली नाही. पण स्वतःच्या पांघरुणावर काय लिहिले आहे, हे प्रत्येक मूल कधी ना कधी विचारतेच. त्या दिवशी सांगणारे कोणी घरात असले तर उत्तमच. नसले, तरी त्या चार ओळी लावून वाचण्याइतके कुतूहल त्याच्या मनात जागे होईल.

थंडीला अजून अवकाश असेल तर एक दुपटे, आणि थंडी दाराशी आली असेल तर आजोबांची मांडीवरची गोधडी, एवढ्यापासून आरंभ करावा. कापड आपल्या कपाटात आहेच.